न मारलेली हाक

अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडताना मी पदराआड हसायची. असल्या गोष्टी मला कधी खऱ्या वाटल्या नाहीत. आजही वाटतात असं म्हणवत नाही... पण हे कुणाजवळ तरी बोलायला हवं. घरात सांगायची लाज वाटते. शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव चौसाळ्याजवळ. पूर्वी मीही ऊसतोडीला जायची. मणका गेल्यापासून घरीच. घरात सासरे — त्यांना आम्ही मामा म्हणतो — शेळ्या आणि मी. धाकटी जाऊ कांता नवऱ्याबरोबर कर्नाटकात, उसाच्या फडावर. मला करमत नाही म्हणून तिनंच मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात ओढलं. या वयात असले खेळ खेळते, हे लिहितानाही कसंसं होतं.

टीममध्ये कांता, मी आणि परभणीकडची दोन अनोळखी पोरं. कांता पुढं राहून मार खायची. माझ्याकडे मंत्र होता. तो टाकला की माझ्याभोवती हिरवं रिंगण पडायचं. रिंगणात असतील त्यांच्यात सगळं वाटून जायचं — एकावरचा घाव सगळ्यांत, एकाचं औषध सगळ्यांना. पण आधी सगळे आत यायला हवेत, त्यासाठी मंत्रवाल्यानं माइकवरून हाक मारायची. मी कधीच मारली नाही. मामा दारात बसलेले. त्यांच्यासमोर सुनेनं मोठ्यानं बोलायचं, तेही परक्या पोरांशी? माझा माइक कायम बंद. नुसत्या उड्या मारून खुणावायची.

जानेवारीतली दुपार. कांता जेवणाच्या सुट्टीत खेळायला बसली होती. शत्रू तुटून पडले. मी मंत्र टाकला, पोरं आत आली. कांता लांब राहिली... एकटीच मार खात होती.

"काकू, हाक मारा की! ताई मरायली!"

"यांना तोंड हाय का न्हाई बे?" दुसरा म्हणाला.

माझं बोट माइकच्या बटणापाशी गेलं. दारात मामा खोकले. मी ओठ मिटले. मनात म्हटलं, खेळातलंच मरण, उठेल परत.

तेवढ्यात पहिला ओरडला, "आयला, काकू बोलल्या!"

मला वाटलं, चेष्टा करतायत. कांताचा गडी मैदानात नुसता उभा राहिला आणि पडला. आम्ही हरलो. मी मोबाइल उशीखाली कोंबला.

थोड्या वेळानं कांताचा फोन. रडत होती.

"अक्का, तुमी हाक मारली म्हनून वाचले!"

"कसली हाक?"

"असं काय करता? 'कांते, ऊठ, इकडं ये!' केवढ्यानं वरडलात! कानात वायर व्हती, तरी वाटलं, मागंच उभ्या हायत. येड्यावानी उठून बघाय गेले, आन् ट्रॉली कलंडली. मी सावलीला बसले व्हते तिथंच सगळा ऊस..."

फोन ठेवून मी दारात गेले.

मामांना विचारलं, "मघाशी मी वरडले का हो?"

"न्हाई बा. तू कवा वरडतीस?"

मोबाइलच्या दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, या खेळाला तुम्ही माइकची परवानगीच दिलेली नाही, आवाज जाणारच नाही.

हंगाम संपवून कांता आली ती माझ्यासाठी साडी घेऊन. नारायणगडाला दर्शनाला गेलो तिथंही भेटेल त्या बाईला सांगत सुटली, "आमच्या अक्का बोलत न्हाईत, पन वक्ताला बोलल्या." मी मान खाली घातली. बाया हसल्या, "किती लाजती बाई!" लाजलेच होते... त्यांना वाटलं तसं नाही, एवढंच.

ती हाक कुणाची, मला अजून कळलेलं नाही. कांता म्हणते आवाज माझाच. असेल. पण ती मार खात असताना माझे ओठ मिटलेले होते — हे मला पक्कं आठवतं. खरं सांगायचं म्हणून कितीदा तिच्यापाशी जाऊन बसले, आणि भाजी निवडून उठले.

साडीची घडी अजून मोडलेली नाही. काल तिनं चुलीपाशी बसून विचारलं, "अक्का, रंग आवडला न्हाई का?"

"लई आवडला," मी म्हणाले. तिला ऐकूच गेलं नाही.