पडद्यामागची पायपेटी

“पेटी पुसायला होते हो नाना. वाजवणारे मास्तर वेगळे,” थिएटरचे शेठजी शेजारच्याला हळूच सांगत होते. धुळ्याला नानांच्या घराच्या अंगणात त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला माणसं जमली होती. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होते.

नाना म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन आता दीड महिना होईल... मूकपटांच्या काळात शेठजींच्या वडिलांच्या थिएटरात ते पायपेटी वाजवायचे, पायांनी भाता हलवत वाजवायचा तो मोठा ऑर्गन. जाहिरातीवर नाव मात्र एका पेटीमास्तरांचं. मास्तर चार-सहा खेळ वाजवून पुण्याला निघून गेले, नाव तसंच राहिलं. आमच्या जातीचा माणूस वाजवतो हे लोकांना दिसू नये, म्हणून थोरल्या शेठजींनी पेटी पडद्यामागे नेऊन ठेवली. मागूनही चित्र दिसावं म्हणून पडदा भिजवत; त्या ओल्या कापडातून नानांना ते उलटं दिसे. “मारामारी बठ्ठी डाव्या हातानी, माय!” सगळेच डावखुरे, असं सांगून ते हसत. चित्राच्या मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरची अक्षरंही उलटीच. त्यांवरच ते वाचायला शिकले. जळगावला आमच्याकडे आले, की माझी मराठीची वही खिडकीच्या उजेडात धरायला लावत आणि पानाच्या मागच्या बाजूने भराभर वाचून दाखवत. समोरून मात्र अडखळत. इंग्रजी शाळेतली मी, मीही समोरून अडखळायचे.

दहावीच्या सुट्टीत मी धुळ्याला आले, तेव्हा ते मला थिएटर दाखवायला घेऊन गेले. शेठजींची भाची माझ्याच वर्गात होती. मामाकडे सुट्टीला आलेली, तीही तिथे होती. पेटी आता ऑफिसात होती, चकचकीत. नानांनी हात पुढे केला. “राहू द्या नाना, आता पुसायला माणूस ठेवलाय,” शेठजी म्हणाले. सगळे हसले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते तिथे नानांशिवाय मला एकटीलाच माहीत होतं... पण मी बोलले असते तर पेटी पडद्यामागे का, हेही सांगावं लागलं असतं, आणि आमची जात मी वर्गात कुणाला कळू दिली नव्हती. मी बुटांकडे पाहत राहिले. आम्ही घरी आलो. दारात नानांनी एवढंच विचारलं, “पाय दुखतस का, माय?”

अंगणात बाबांनी विचारलं, कोणी दोन शब्द बोलणार का? शेठजी गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. मी ट्रे खाली ठेवला.

“शेठजी, पेटी माझे नाना वाजवायचे. मला तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसले.”