न झिजलेले सोल

आमच्या भागातल्या क्लबच्या मॅनेजरने हंगेरीहून आणलेल्या बास्केटबॉलपटूला फसवलं. सोल चिकटवायचं सोल्युशन नाकात शिरलं की मला तो अजून आठवतो.

फुटपाथ सोडून मी घाटकोपरला बूटदुरुस्तीचं दुकान घेतलं, त्याच वर्षी तो दारातून वाकून आत आला. तीन देशांत खेळून झिजलेले बूट त्याने काउंटरवर ठेवले. नवे सोल लावायचा मी सवयीने दुप्पट भाव सांगितला, तर त्याने लगेच मान डोलावली. मीच भडकलो. "अरे, घासाघीस कर ना! पहिला भाव कधी खरा असतो का?"

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅनेजर बोलला, सगळे सामने खेळवीन. तिथेही मी लगेच हो म्हटलं. चुकलो?"

"छे रे! तो आमचा माणूस. शब्दाचा पक्का."

हंगाम संपल्यावर तो निरोप घ्यायला आला. बूट उलटे करून त्याने दाखवले. मी लावलेले सोल कोरे होते. पोस्टरवर त्याचा फोटो होता, मैदानात मात्र तो बाकावरच बसून राहिला. "हा माझा शेवटचा हंगाम होता," एवढंच तो बोलला.

तेव्हा मला फक्त तुझा राग आला होता, मॅनेजर. आता कळतं, तुझी हमी मी दिली होती. दुकानावरून रोज मान खाली घालून जातोस. एकदा आत ये आणि सांग, त्याला का नाही खेळवलंस?