काळं मॉल्ट

दोन हजार पाचच्या सुमारास, इंग्लंडात मिल्टन कीन्सला, रविवारी मी गाडी धुवायचो तेव्हा शेजारच्या गॅरेजमधला म्हातारा बिअर करत असायचा. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही.

मॉल्ट म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली. ती भरडून तो गरम पाण्यात कालवायचा, पिकनिकच्या कूलबॉक्समध्ये ओतायचा, वर जुनी रजई गुंडाळायचा आणि तासभर तिच्यावर हात ठेवून बसायचा. झाकण उघडायचं नाही. आई विरजणाला हात लावू द्यायची नाही, तसंच.

कुठलं मॉल्ट घ्यायचं ते तो दाणे चावून ठरवायचा आणि दोन दाणे मलाही द्यायचा. फिकट दाणा बिस्किटासारखा लागे, काळा करपलेल्या भाकरीसारखा. त्याचा जीव काळ्यावर.

एका रविवारी त्याच्या मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा होता आणि कूलबॉक्समध्ये नुसतं फिकट मॉल्ट.

"आज काळं नाही?" मी विचारलं.

"त्याची बिअर मुरायला वर्ष लागतं. ही महिन्याभरात पिता येते."

मी स्पंज पिळत राहिलो. त्यानं काळ्या मॉल्टची पिशवी आणून माझ्या बॉनेटवर ठेवली.

"तू कर," तो म्हणाला. "तुला वेळ आहे."