पडद्यावरची चिठ्ठी

वसईत एका सभागृहात जुना मराठी मूकपट दाखवत होते. शेजारच्या अनोळखी म्हातारीने माझी बाही ओढली. "भाऊ, वाचून दाखव ना. मना अक्षर येत नाय." मग पडद्यावर अक्षरं आली की ती बाही ओढायची आणि मी वाचायचो.

श्रीमंत मुलाने मोलकरणीला चिठ्ठी पाठवली: 'घरचे ऐकत नाहीत. मला विसर.' हेच मीही एकीला लिहिलं होतं. आमची केळीची वाडी, तिचा बाप मिठागरावर मजूर. मला वाचवेना. मी म्हणालो, "येतो, असं लिहिलंय."

"खोटं नको वाचू, भाऊ. पोरीचं तोंड बघ. तो येनार नाय."

तिने बाही सोडली, पुन्हा धरली नाही. माझी चिठ्ठी मी दुसऱ्याच्या हाती पाठवली होती. वाचणारीचं तोंड मी पाहिलंच नव्हतं.