तात्यांच्या भाषणाचं चौथं पान

देशाच्या थोरल्या पुढाऱ्यांचं आणि आमच्या तात्यांचं बरीच वर्षं पटत नव्हतं, आणि याची पुढाऱ्यांना शेवटपर्यंत काहीही कल्पना नव्हती.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, मराठी तिसरीपर्यंत शाळेत घातलं, आणि तिसरीत शाळेनेच माझ्यापुढे हात टेकले तेव्हा मास्तरांच्या चिठ्ठीवर मला इंदूरला एका छापखान्यात धाडलं. तिथं मी अक्षरांचे खिळे जुळवतो. (मालकांनी मला आजवर उपाशी ठेवलं नाही की हाकलून दिलं नाही. देव त्यांचं भलं करो. हे ते वाचतील म्हणून लिहीत नाही. पण वाचलं तर बरं.)

इंदुराहून मी जुनी वर्तमानपत्रं पोस्टानं वेल्ह्याकडे आमच्या गावी पाठवायचो. मास्तर ती पारावर वाचून दाखवायचे, आणि वाचून झाली की तात्या थोरल्या पुढाऱ्यांची (ते त्यांना म्हातारबाबा म्हणायचे) हजेरी घ्यायचे.

"म्हातारबाबा मानूस सोन्यासारखा," तात्या म्हणायचे. "पर त्येच्या हातात औत देऊ नगा! निम्मं वावर नांगरून झालं की म्हननार, सोडा बैलं, माझ्या मनाला पटंना. मागं आमी जंगलाचा कायदा मोडाया निघालो, कोयत्यास्नी धार लावली, तवर वरनं हुकूम आला, थांबा! ती धार अजून तशीच हाय."

दुसरी तक्रार याहून मोठी होती. आमचं गाव भोर संस्थानातलं. गावाखालचा ओढा ओलांडला की इंग्रजांचा मुलूख, म्हणजे खालसा. पुढाऱ्यांचं धोरण असं, की लढा आधी इंग्रजांशी. संस्थानातल्या रयतेनं तूर्त दम धरावा. यावर तात्या खवळायचे. "का? आमी काय पावनं हाय? ओढ्याच्या पल्याड देश आन् अल्याड काय, गोठा?"

मग इंग्रज-जर्मनांच्या लढाईच्या दुसऱ्या वर्षी पुढाऱ्यांनी नवीनच टूम काढली. सगळ्यांनी मिळून काही करायचं नाही. एकेकट्यानं जायचं! तेही आधी अर्ज करून, रोज सूत कातून, वरून मंजुरी आल्यावर. फौजदाराला आगाऊ कळवायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं, या लढाईला मदत करू नका एवढं एकच वाक्य म्हणायचं, आणि मुकाट्यानं तुरुंगात जायचं.

"पंगत म्हनून न्हाई, एकेकाला आत बोलवायचं!" तात्या गरजले. "ह्यो काय लढा हाय का दवाखाना?"

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अर्ज केला.

मला हे पत्रानं कळलं तेव्हा माझ्या हातातून 'क्ष'चा सबंध खण खाली पडला. मी घाबरून विचारलं, असं का? मास्तरांच्या अक्षरात तात्यांचं उत्तर आलं: "धोरण चुकीचं हाय, त्ये हायेच. पर उद्या सोराज आलं तर इचारतील, ओढ्याअल्याडची काय करत व्हती? आपल्या खोऱ्यातलं एक तरी नाव सरकारच्या वहीत लागाया पायजे. भाषान लिव्हायला ये."

मालकांचे पाय धरून मी बारा दिवसांची रजा काढली.

घरी येऊन पाहतो तर तात्या टकळीवर सूत कातत होते. (सूत म्हणायचं ते आपलं शिष्टाचार म्हणून. त्यानं वासरू बांधता आलं असतं. तरी मंजुरी आली! अर्जावर पत्ता खालशातल्या मेव्हण्याचा होता, आणि सूत कुणी पाहायला आलं नव्हतं.)

आता माझी चूक सांगतो. मंजुरीच्या कागदात साफ लिहिलं होतं की भाषण नको, एकच वाक्य म्हणा. ते वाक्य मी मनातल्या मनात जुळवून पाहिलं, तर दोन ओळीसुद्धा भरेनात! आमच्या धंद्यात रिकामी जागा दिसली की माणसाचा हात ती भरायला धावतो. एवढा थोर माणूस तुरुंगात जाणार, सारं गाव निरोप द्यायला येणार, आणि दोन ओळी? मी बसलो आणि चार पानं लिहिली. पहिल्या तीन पानांत तात्यांची पुढाऱ्यांविषयीची मतं, अगदी औतापासून दवाखान्यापर्यंत. आणि चौथ्या पानावर, मधोमध, चौकटीत, ते वाक्य!

तात्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून चार दिवस मी म्हणायचो आणि ते मागून म्हणायचे. सगुणाकाकी (तात्यांच्या मंडळी, माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाकडचं) भाकरी थापता थापता ऐकत असायच्या. मधूनच म्हणायच्या, "लई लांबलंय बग, लक्षुमणा." मी दुर्लक्ष केलं. त्यांची शाळा तर माझ्याहूनही कमी!

ठरल्या दिवशी गावानं तात्यांना असा निरोप दिला की विचारू नका. पाच जणींनी ओवाळलं. झेंडूचा हार गुडघ्यापर्यंत आला. शेजारचा कोंडीबा गळ्यात पडून रडला. "जेलात डाळ पातळ असती, तात्या!" तात्यांनी आपली तंबाखूची चंची त्याला देऊन टाकली आणि सगळ्यांसमोर गर्जना केली, "आज दिस मावळायच्या आत म्या ह्यो ओढा परत वलांडला, तर मला तात्या म्हनू नगा!"

ओढ्यापलीकडे (सारं गाव आणि शिदोरी घेऊन काकी, सगळे मागोमाग आलेच) मारुतीच्या पारावर फौजदार दोन शिपाई घेऊन बसले होते. रस्ता असा की फौजदारांची सायकल एका शिपायानं खांद्यावरून आणली होती. माणूस मात्र भला. "या तात्या. लवकर आटपा, ऊन चढतंय," म्हणून त्यांनी वही उघडली आणि पेन्सिल जिभेला लावली.

तात्या पारावर उभे राहिले. मी मागं बसून वाचायला लागलो, तात्या खणखणीत आवाजात म्हणायला लागले. औताचा दाखला आला, लोक हसले. कोयत्याची धार आली, टाळ्या पडल्या. फौजदार भराभरा लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांची पेन्सिल थांबली.

"तात्या, हे चाललंय कुणाबद्दल?"

"थोरल्या पुढाऱ्यांबद्दल!"

"मग सरकारबद्दल?"

"येतंय की. चवथ्या पानावर."

फौजदारांनी सुस्कारा सोडला. पण टाळ्या ऐकून तात्यांना असा काही चेव आला होता की तिसऱ्या पानावर ते माझ्या हाताबाहेर गेले. "आमास्नी दम धरा म्हनता? म्हशीला इचारून बगा दम धरती का, धारेच्या टायमाला!" हे मी लिहिलेलं नव्हतं! "सुरू करताना इचारत न्हाई, थांबवताना इचारत न्हाई, मंग आमी निसतं सूत कातायचं व्हय?"

फौजदारांनी वही मिटली.

"संपलं, तात्या. घरी जा."

"आन् बेड्या?"

"कशाबद्दल? सरकारविरुद्ध एक अक्षर नाही. हे भाषण वरच्या साहेबांनी वाचलं तर ते तुम्हाला शाल पाठवतील!"

तात्यांनी ओढ्याकडे पाहिलं. सूर्य डोक्यावर होता. मावळायला भरपूर वेळ होता! पहाडासारखा माणूस, आणि माझ्या तीन पानांनी त्याला शाल मिळायची वेळ आणली होती.

"लक्ष्या! चवथं पान काढ!"

मी खिसे पाहिले. टोपी पाहिली. बसायला घेतलेलं बसकूर उलटं केलं.

"कागुद व्हय?" मागून काकींचा आवाज आला. "त्यो ठेच्याभवती हाय. शिदोरी बांधाया पान गावंना."

शिदोरी सोडली. शाई आणि लसूण यांचा एकजीव झाला होता. मधोमध चौकट तेवढी राहिली होती, आणि चौकटीत मिरची.

"लिवलंस तू! तुला येत आसंल की!" तात्या ओरडले. आता काय सांगू? खिळे जुळवणाऱ्याला मजकूर आठवत नाही हो, अक्षरं आठवतात. आणि तीही उलटी! तात्यांचं तर डोकंच बधिर झालेलं. फौजदार उठले. शिपायानं सायकल खांद्यावर घेतली.

तेव्हा काकी तात्यांच्या कानाशी लागल्या. पण काकींचं कुजबुजणं म्हणजे समोरच्या डोंगरावरच्या गुराख्यानं ओ द्यावी असं.

"आवं, म्हना की! 'ह्या लढाईला मानूस देऊ नगा, पैका देऊ नगा!'"

फौजदार जागच्या जागी वळले. वही पुन्हा उघडली.

"बाई, काय म्हणालात?"

काकींनी पदर सावरला. फौजदार सावकाश म्हणाले, "नीट विचार करून सांगा. तुम्ही यांना आठवण करून देत होता, की स्वतः म्हणत होता? आठवण करून देणं गुन्हा नाही."

काकींनी तात्यांकडे पाहिलं. हार घालून उभा असलेला तो माणूस आता परत कसा जाणार, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. मग जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"म्या म्हनतीया," त्या म्हणाल्या. "लिवा. मानूस देऊ नगा, पैका देऊ नगा. झालं?"

"अहो, पण तुमचे यजमान तर पुढाऱ्यांच्या विरुद्ध..."

"इरुद?" काकी फणकारल्या. "आवं सायेब, सासऱ्याला म्या दिसातनं धा येळा बोलायची. म्हून काय शेजाऱ्याला घरात आनून चुलीम्होरं बसिवला?"

अशा टाळ्या पडल्या की पारावरची कबुतरं उडाली! टाळ्यांनी तात्यांचं डोकं एकदम मोकळं झालं आणि त्यांनी ते वाक्य तीनदा ठणकावून म्हटलं. "मला बी घ्या, सायेब!"

"एका वेळी एकच," फौजदार म्हणाले. "तुमच्याच पुढाऱ्यांचा नियम आहे."

"बगा!" तात्या लोकांकडे वळून ओरडले. "म्या सांगत व्हतो का न्हाई? नियमच खुळा हाय!"

फौजदार लिहायला बसले. "नाव?"

"सगुणा."

"नवऱ्याचं नाव?"

काकींनी मान खाली घातली. साम्राज्याला न घाबरलेली बाई, पण नवऱ्याचं नाव घेईना! "त्ये हितंच हुबं हायेत. त्यास्नीच इचारा."

तात्या पुढं झाले आणि आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. लागलं की हो सरकारच्या वहीत! बायकोच्या नावाखाली का होईना.

मग त्यांनी गळ्यातला हार काढून काकींच्या गळ्यात घातला. काकींनी लाजतच सांगितलं, "म्हशीला आंबोन येळंवर घाला. नाचणीचं पीठ मडक्यात हाय. भाकरी करपवू नगा." आणि ठेचा-भाकरी दोन्ही शिपायांना वाटून त्या त्यांच्यामधून चालू लागल्या, माहेरी निघाल्यासारख्या.

ना अर्ज, ना मंजुरी, ना एक हात सूत! पुढाऱ्यांचे सगळे नियम मोडून आमच्या घरातला सत्याग्रह पार पडला. दिवस मावळायच्या कितीतरी आधी तात्यांनी ओढा ओलांडला. कोंडीबा म्हणाला, "तात्या, परत?" तात्या ताठ मानेनं म्हणाले, "परत न्हाई. सत्याग्रह्याच्या घरचा मानूस हाय म्या. चंची दे हिकडं." पुढच्या महिन्यात आमच्या खोऱ्यातून आणखी दोघं पलीकडे गेले. एकेकच वाक्य म्हणाले आणि आत गेले. भाषण लिहायला मला कुणी बोलावलं नाही.

आणि मी? काकींना नेताना पाहून माझ्याही अंगात आलं होतं. डोळ्यांपुढे मालक आणि संपत आलेली रजा दिसत होती. तरी मी फौजदारांच्या सायकलीला आडवा गेलो. "साहेब, भाषण मी लिहिलंय. मला पकडा!"

फौजदारांनी मला खालून वर पाहिलं. "राहता कुठं?"

"इंदूरला. छापखान्यात."

"तिथंच राहा. लिहीत चला. तुमच्यासारखे चार लिहिणारे मिळाले तर आमच्या साहेबांना तुरुंग बांधावे लागणार नाहीत."

मी हात जोडले आणि म्हणालो, "फार उपकार झाले, साहेब!"