मी हसतेय हं, दादा

हसूताईचं खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नव्हतं. ती पोटासाठी हसायची, आणि तेही साधंसुधं नाही, वेड्या बाईचं. मोबाईलवर ऐकायच्या रहस्यकथा निघायला लागल्यापासून तिला या हसण्यातून फुरसत नव्हती. लेखकाला खुनी सापडेना की तो एक वेडी काढायचा. ती वेडी जिन्याखालच्या खोलीत राहायची, केस मोकळे सोडायची, बाहुलीशी बोलायची आणि शेवटच्या भागात सुरी घेऊन हसायची. का हसायची, हे विचारायची सोय नव्हती. वेड पांघरून पेडगावला जाणारे लोक पुष्कळ असतात. हसूताई तिथे रोज कामाला जायची आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत यायची.

घरी खरा आजार होता आणि तो अजिबात हसत नव्हता. तिचा थोरला भाऊ, दादा, कॉलेजात असताना आजारी पडला. समोर कोणी नसताना त्याला आवाज ऐकू यायचे आणि ते आवाज फार वाईट बोलायचे. ती वर्षं घराने कशी काढली ते घरालाच ठाऊक. पण त्यालाही आता जमाना झाला. दादा जेवणानंतर गोळी घ्यायचा, स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करायचा, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून बहिणीशी भांडायचा आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन काचा घासायचा. फ्रेमच्या मापाला काच बसवणं हे शांत डोक्याचं काम, आणि त्या गल्लीत दादाइतकं शांत डोकं दुसरं नव्हतं. हे काम मिळवायला दोघांनी कितीतरी उंबरठे झिजवले होते. काम होतं म्हणून दादा सकाळी उठून दाढी करत होता. ते गेलं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, या एकाच गोष्टीची तिला भीती होती. असा माणूस मात्र एकाही कादंबरीत नव्हता. ओल्या टॉवेलवरून भांडणाऱ्या वेड्याची कादंबरी कोण ऐकणार?

आवाजांचं एक असतं, ते सांगून येत नाहीत. म्हणून भावाबहिणीने घरात एक रीत पाडली होती. हसण्याचा सराव करायच्या आधी ती मोठ्याने म्हणायची, "मी हसतेय हं, दादा." त्यावर तो आतून ओरडायचा, "हस, पण लवकर आटप, मला आंघोळीला जायचंय." जे सांगून येतं ते बहिणीचं, न सांगता येतं ते आजाराचं. हिशोब सोपा होता आणि इतकी वर्षं कधी चुकला नव्हता.

मग एका नव्या कादंबरीचं काम आलं. दर आठवड्याला एक भाग, आणि जो तो कानात घालून फिरत होता. दिग्दर्शकाने तिला पुन्हा पुन्हा हसायला लावलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, हे शहाण्या बाईचं हसणं वाटतंय. जरा वेड पाहिजे त्यात."

लेखक तिथेच काचेपलीकडे बसला होता. हसूताईने त्याला विचारलं, "ही खून का करते?"

"वेडी आहे ना ती."

"ते कळलं. पण का करते?"

"अहो, वेडी आहे म्हणून."

"डॉक्टरकडे नाही जात? गोळ्या नाही घेत?"

लेखक मनापासून हसला. "गोळ्या घेतल्या तर गोष्ट कुठे उरली, ताई?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. वेड जरा वाढवून आणते, असं सांगून ती तणतणत घरी आली. रागाच्या भरात तिने दाराशी काढलेल्या चपलाही पाहिल्या नाहीत. दुकानाच्या गल्लीतली वीज गेल्यामुळे दादा लवकर येऊन आतल्या खोलीत पडला होता. हसूताईने स्वयंपाकघरात पाणी पिऊन पेला आपटला आणि तिथेच उभी राहून, काही न सांगता, जीव तोडून हसली. लेखकावरचा सगळा राग त्या हसण्यात उतरला. मग तिलाच ठसका लागला आणि ती गच्चीवरचे कपडे काढायला निघून गेली. परत आली तेव्हा दादा घरात दिसला; तो आत्ताच आला असेल, असं तिने धरलं.

पुढच्या पंधरवड्यात दादाचं काहीतरी बिनसलं. तो सकाळी उठेना, घास हातात धरून बसून राहायला लागला, बोलताना जीभ जड. स्टुडिओच्या रगाड्यात तिने ते दमण्यावर ढकललं. एके दिवशी दुकानाच्या मालकांचा फोन आला. दादाने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. ते गृहस्थ जिन्यावर पडता पडता वाचले.

"थोडे दिवस त्यांना घरी राहू द्या," मालक म्हणाले. मग जरा घुटमळले. "राग मानू नका ताई, पण आम्ही दुकानात ती नवी गोष्ट ऐकतो. ती हसणारी बाई आहे ना, तीही आधी अशीच गप्प गप्प असते. माझ्याकडे धारदार वस्तू असतात हो."

फोन ठेवून ती थेट दादाच्या खोलीत गेली. "तुला काय होतंय? मला खरं सांग."

दादा सावकाश म्हणाला, "मला परत ऐकू आलं. या खेपेला बाई होती, हसत होती. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगून आलो. त्यांनी गोळी वाढवली. तुला नाही सांगितलं, तुझं काम चाललं होतं."

"कशी हसत होती?"

"आधी बारीक, मग एकदम मोठ्याने. आणि शेवटी तिला ठसका लागला. आवाजांना ठसका लागल्याचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं."

हसूताई मटकन पलंगावर बसली, ओल्या टॉवेलवरच. "दादा, ती मी होते."

टॉवेलवरची भांडणं सोडली तर दादा तिच्यावर कधी चिडला नव्हता, आता चिडला. "मग सांगितलं का नाहीस? एक वाक्य म्हणायला काय जातं तुझं?" आजारी माणसाने शहाण्यासारखं वागून डॉक्टर गाठला होता, आणि घरातल्या धडधाकट बाईने घोळ घातला होता. तिला रडू आलं आणि स्वतःची चीडही आली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळी पुन्हा पहिल्यावर आणली. दादाची जीभ सुटली, हात स्थिर झाले. मग हसूताई त्याला घेऊन दुकानात गेली. काच का चुकली ते तिने मालकांना नीट सांगितलं. ते मान हलवत राहिले, पण त्यांची नजर दादाच्या हातांवर होती. तेव्हा ती म्हणाली, "मी हसतेय हं, दादा."

"हस," दादा म्हणाला.

ती हसली. मालक स्टुलावरून उठलेच, गिऱ्हाईक दारातून मागे सरकलं.

"ती बाई मीच," हसूताई म्हणाली. "घाबरायचंच असेल तर मला घाबरा. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

मालक ओशाळले. उद्यापासून या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा घरी आला, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले. हसूताईने चहा पुढे ठेवला आणि भीतभीत विचारलं, "काय म्हणाले मालक?"

"चांगलं बोलले. फक्त पेचकस आणि पक्कड कुलपात ठेवलीत. लागलं की मागून घ्यायचं, आणि काम होईपर्यंत ते शेजारी उभे राहतात."

हसूताई ताडकन उठली. "तुला नऊ वर्षं ओळखतात ना ते? आत्ता जाते आणि..."

"बस खाली," दादा म्हणाला. "त्यांना अजून ती बाई हसताना ऐकू येतेय. आणि त्यावर त्यांना कोणी गोळीही देत नाही."

मग त्याने चहा संपवला आणि पलंगावरचा ओला टॉवेल उचलून दोरीवर टाकला.