काळजी संध्याकाळी करायची

माझ्या भाचीला घरात सगळे 'समजाबाई' म्हणतात. तिचं खरं नाव आता कॉलेजच्या ओळखपत्रापुरतंच उरलंय. तिचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं. समजा बस चुकली तर? समजा पेपरावर नंबर लिहायचाच राहिला तर? समजा कडी लावली असं मला नुसतं वाटलं आणि लावलीच नसली तर? एकदा मी वैतागून म्हटलं, "समजा तू आता गप्प बसलीस तर?" तिने त्यावरही खरोखर विचार केला आणि म्हणाली, "मग ते सगळं आतच राहील ना गं मावशी." हसावं की रडावं तेच मला कळेना.

रक्त तपासणीच्या लॅबचा कोर्स करायला ती माझ्याकडे राहायला आली. माझं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे मशीन, कापायचं टेबल आणि शटर, मागे दोन खोल्या. नवरा नाही, मूलबाळ नाही, तोंड मात्र चांगलं चालतं, असं माझी थोरली बहीण म्हणते. ही त्या ताईचीच मुलगी. ताईचं घर इथून बसने बरंच लांब. भावोजी एका गोदामावर पहारेकरी. माणूस लाखातला, पण कुलूप लावलं की ओढून बघणार, चार पावलं जाणार, परत येऊन पुन्हा ओढणार. नोकरीत याच सवयीबद्दल त्यांना शाबासकी मिळायची आणि घरात त्याच सवयीसाठी पोरीला बोलणी बसायची. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. फोन ठेवताना ते 'जप' म्हणायचे नाहीत की 'अभ्यास कर' म्हणायचे नाहीत. ते विचारायचे, "दार लावलंस?" ती म्हणायची, "लावलं बाबा." मग दोघं फोन ठेवायची.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी पोरीने हाय खाल्ली. आता माणसाच्या हातात सुई घालायची होती, आणि हिचे हात थरथरायचे. समजा शीर सापडली नाही तर? समजा सुई आरपार गेली तर? समजा नळीवर दुसऱ्याचंच नाव चिकटवलं आणि त्या माणसाला चुकीचं औषध दिलं गेलं तर? जेवण कमी झालं, झोप उडाली. एक दिवस ती कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि माझ्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून राहिली. मी काज करत होते. मी तिच्या हातात उसवायला एक जुना सदरा दिला.

सल्ले द्यायला मात्र कुणी कमी नव्हतं. ताई फोनवर म्हणायची, "विचार करू नकोस." शेजारचा घड्याळजी म्हणायचा, "मन चिंती ते वैरी न चिंती." अहो, पण ते तिला पाठ होतं! ज्याला शिंका येतायत त्याला 'शिंकू नकोस' म्हणून काय उपयोग? मला असल्या फुकटच्या शहाणपणाचा भारी राग येतो.

शेवटी कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमकडे मी तिला घेऊन गेले. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, म्हणजे मुलगी असती तर. त्यांनी सांगितलं, "काळजी बंद करायची नाही. तिला वेळ ठरवून द्यायची. रोज एकच वेळ. बाकी दिवसभर डोक्यात काही आलं की म्हणायचं, संध्याकाळी बघू." मी कपाळावर हात मारला. काळजीला काय अपॉइंटमेंट देणार? पण मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि मावशी, ती दार लावलं का, गॅस बंद केला का असं विचारत राहते, तेव्हा तुम्ही दर वेळी 'हो गं हो' म्हणता ना? ते बंद करा. एकदाच सांगायचं. पण जे सांगाल ते खरं असलं पाहिजे."

तर मग आमची वेळ ठरली, शटर अर्धं खाली ओढल्यानंतरची. मी चहा टाकायचे, हातशिलाईचं काम मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, काढ दुकान तुझं." मग ती दिवसभरातले सगळे समजा एकेक करून बाहेर काढायची. प्रत्येकाला मॅडमनी शिकवलेला प्रश्न विचारायचा : याला पुरावा काय? पुरावा नसला तर सोडायचं. असला तर उद्या त्याचं काय करायचं ते ठरवायचं. पहिल्या आठवड्यात चहा गार व्हायचा. पुढेपुढे ती मधेच म्हणायला लागली, "सकाळी काहीतरी मोठं होतं गं, आता आठवतच नाही." मला इतका आनंद झाला की मी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावून बसले.

सुईचा सराव ती कॉलेजात करायची आणि शीर शोधायचा सराव माझ्या हातावर, घरी, सुई न लावता. माझ्याच डब्यातलं इलॅस्टिक काढून दंडाला आवळायची, डोळे मिटायची आणि बोटाने चाचपायची. शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची असते म्हणे. मी दुसऱ्या हाताने चहा पीत बसायचे. "सापडली," म्हणताना तिचा आवाज जरा भरदार व्हायचा. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेच्या सुमाराला तिचे हात जवळजवळ स्थिर झाले होते.

आणि नेमका तेव्हाच ताईचा फोन आला. दुपारची वेळ होती, पोरगी कॉलेजात होती. भावोजींना कामावर अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. ताई रडत नव्हती, तेच मला जास्त भयंकर वाटलं. "डॉक्टर म्हणतात, सध्या काही सांगता येत नाही. तिला कळू देऊ नकोस. प्रॅक्टिकल होऊ दे. ती आत्ता कुठे सावरलीय. आता कळलं तर कोसळेल, वर्ष जाईल. माझी शपथ आहे तुला."

आमच्या घरातली ही जुनी रीत. परीक्षा असलेल्या पोराला वाईट बातमी सांगायची नाही. माझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेत आमचे आजोबा गेले. त्या आठवड्यात मी सारखी विचारत होते, सगळे हळू का बोलतायत, आई आत का बसलीय? मला सांगायचे, अभ्यासाने तुला भास होतायत. शेवटचा पेपर देऊन, प्रश्नपत्रिका आजोबांना दाखवायला हातात घेऊन मी त्यांच्या खोलीत धावत गेले, तर खाट रिकामी होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण ताई थोरली, आणि तिचा नवरा तिथे पडलेला. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी फोन ताईचाच आला. "बाबा लवकर झोपलेत." दुसऱ्या संध्याकाळी, "बाबांना जास्तीची पाळी लागलीय." पोरीने फोन ठेवला. मी शटर अर्धं ओढलं, चहा टाकला, मांडीवर एक झगा घेऊन अस्तर टाचायला बसले. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"आज एकच समजा आहे," ती म्हणाली. "समजा बाबांना काहीतरी झालंय."

सुई माझ्या बोटात घुसली.

"पुरावा सांगते," ती पुढे म्हणाली. "बाबा पाळीवर असले तरी गेटवरून फोन करतात. आजवर एक दिवस चुकलेला नाही. आई नको तिथे हसत होती. ती बोलत होती तिथे आवाज घुमत होता, आपल्या घरात घुमत नाही. मागे कुणीतरी कुणाला तरी बेड नंबर विचारत होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण मावशी, हे माझं डोकंच करतंय ना? मी नेहमी असंच करते. राईचा पर्वत. तू एकदा सांग की असं काही नाहीये. मी सोडून देईन. खरंच सोडून देईन, मला आता जमतं."

'नाही गं वेडे' एवढंच तर म्हणायचं होतं. ती मान डोलावणार होती, चहा पिणार होती, परीक्षेला जाणार होती. आणि नंतर कळलं असतं, तेव्हा जन्मभरासाठी एक गोष्ट शिकली असती : माझ्या मनाने मला खरं सांगितलं तरी ते खोटंच मानायचं, आणि माझ्या माणसांनी शपथेवर सांगितलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही. इतक्या महिन्यांच्या चहाची माती झाली असती.

मी झगा बाजूला ठेवला. "तुझं डोकं बरोबर सांगतंय," मी म्हणाले. "बाबा दवाखान्यात आहेत." आणि मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

मला वाटलं होतं, आता ही कोसळणार. मी उठून उभीसुद्धा राहिले, धरायला. पण ती बसल्या जागी सरळ झाली. कुठली बाजू? किती वाजता झालं? दवाखान्यात किती वेळाने नेलं? गिळता येतंय का? असे प्रश्न तिने विचारले, आणि निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. तिने ओंजळ डोळ्यांवर धरली, थोडा वेळ रडली. मग आईला फोन लावला. ताईचा ओरडा मला इकडेपर्यंत ऐकू आला, त्यात माझा उद्धारही होता. ती तो सगळा ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "आई, रागव मला नंतर. आत्ता फोन बाबांच्या कानाला लाव."

मी तिच्या शेजारी फोनला कान लावून बसले. पलीकडून घशातून निघालेला एक आवाज आला. त्याचा काही शब्द होत नव्हता. तो आवाज पुन्हा आला, जोर लावून, आणि पुन्हा अडला.

"बाबा," ती म्हणाली, "दार लावलंय मी. लावलंय. ओढूनही बघितलं."

पलीकडे भावोजी रडायला लागले. मी आत जाऊन गॅसजवळ तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

त्याच संध्याकाळच्या बसने ती गेली. प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली. भावोजी जगले. महिन्याभराने काठी घेऊन उभे राहिले, शब्द परत येतायत, अजून अडखळतात. म्हणजे ताईच्या हिशोबाने मी गप्प राहिले असते तर काहीच बिघडलं नसतं, पोरगी पास झाली असती आणि बाप तिला नंतर भेटलाच असता. ताईने मला हे तोंडावर सांगितलं आणि मग कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिची मुलगी आहे, तिच्याच मुलीची परीक्षा बुडाली. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, मग ताई काय वाट्टेल ते म्हणो.

समजाबाई अजून समजाबाईच आहे. बरी झाली वगैरे मी म्हणणार नाही, मॅडमही म्हणत नाहीत. पुरवणी परीक्षेच्या दिवशी सकाळी तिचा मला कॉलेजातून फोन आला. त्या आठवड्यात मी ताईकडे होते, अबोला तेव्हा नुकताच सुटला होता. बाजूला भावोजी डाव्या हाताने चहा पीत होते. तिचा आवाज कापत होता.

"मावशी, समजा बाबांना..."

"बाबा बरे आहेत," मी म्हणाले. "माझ्यासमोर बसलेत."

पूर्वी तिने विचारलं असतं, नक्की? खरंच? शपथ? फोन त्यांना दे. मी त्या सगळ्याला तयार होऊन बसले होते.

"बरं," ती म्हणाली. "मग जाते मी आत."

आणि तिने फोन ठेवला.